तुमचे प्रश्न : दोन फुटी रूळ, टब आणि उतार

गेल्या अंकात खाणी, दगडखाणी आणि उसाच्या मळ्यांमधल्या दोन फुटी रुळांवर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत इंजिनांपेक्षा माणसांबद्दल जास्त विचारणा आहे: तिथली माणसं काम कसं करायची, कशानं जायबंदी व्हायची, आणि त्यातलं टाळता येण्यासारखं किती होतं. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ‘दोन फुटी’ म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये ६१० मिलिमीटर अंतर. ६०० किंवा ५९७ मिलिमीटरच्या रुळांनाही पुढचं सगळं तसंच लागू आहे.

प्रश्न : या गाड्या माणसाच्या चालीनं चालायच्या. मग त्यांना एवढं धोकादायक का म्हणायचं? (एक वाचक, नाशिक)

चाल हळू असते हे खरं, आणि माणूस नेमका तिथेच फसतो. कमरेएवढ्या उंचीचा टब (रुळांवरून कोळसा वाहायची चार चाकांची पेटी) एकट्यानं ढकलता येतो, म्हणून तो एकट्यानं थांबवताही येईल असं वाटतं. हिशेब करून पाहा. रिकामा टब साधारण अर्धा टन, त्यात कोळसा एक टन. एकूण दीड टन. सपाट आणि बऱ्यापैकी रुळावर तो हलता ठेवायला टनामागे १५ किलो, म्हणजे एकूण बावीस-तेवीस किलोंचा जोर लागतो. धडधाकट माणूस तेवढा जोर देतो. आता रुळाला पन्नासास एक उतार द्या, म्हणजे पन्नास मीटर गेल्यावर एक मीटर खाली. टबाची स्वतःची ओढ ३० किलो होते. घर्षण वजा केलं तर सात-आठ किलो उरतात, म्हणजे माणूस तो सहज धरून ठेवतो. तिसास एक उतारावर सत्तावीस-अठ्ठावीस किलो उरतात. पायाखाली चिखल असेल तर धरणं जड जातं. विसास एकवर बावन्न-त्रेपन्न किलो उरतात, आणि तिथे ओल्या जमिनीवर पाय रोवून टब धरणं कोणालाच जमत नाही. पन्नासास एक आणि विसास एक यांतला फरक खाणीतल्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांना कळतसुद्धा नाही. ज्या हातांनी शंभर टब थांबवले त्याच हातांनी एकशे एकावा थांबवायला माणूस जातो, आणि तो टब उताराच्या चुकीच्या तुकड्यावर असतो.

दुसरी गोष्ट दोन टबांमधल्या फटीची. साधे टब साखळी आणि आकड्यानं जोडतात. धक्का झेलणारे स्प्रिंगचे बफर बहुतेकांना नसतातच. दीड टनाचा टब ताशी ५ किलोमीटर वेगानं आला आणि पाच सेंटिमीटरांत थांबला, तर त्या पाच सेंटिमीटरांत सरासरी तीन टनांचा दाब येतो. मध्ये हात असेल तर हात जातो, छाती असेल तर जीव जातो. म्हणून आकडा लावायचा तो टब पूर्ण थांबल्यावर, बाजूला उभं राहून, आणि शक्यतो टोकाला आकडी असलेल्या दांड्यानं. टब ढकलायचा तो मागून. हात काठाच्या वर किंवा बाजूला ठेवायचे नाहीत. बोगद्याच्या आधाराचा खांब आणि टबाची कड यांत बोटं सापडतात. पुढे उभं राहून पाठीनं टब रोखत उतरण्याची पद्धत जगभर होती आणि जगभर तिनं माणसं मारली.

तिसरं कारण कायद्यातलं. आयर्लंडमध्ये आर्मा इथे १२ जून १८८९ रोजी सहलीच्या गाडीचे डबे चढावर सुटून मागे धावले आणि ८० माणसं मेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं प्रवासी गाड्यांना सलग ब्रेक सक्तीचे केले. सलग ब्रेक म्हणजे इंजिनातून एकाच वेळी सगळ्या डब्यांना लागणारे ब्रेक. खाणमालकाच्या स्वतःच्या रुळांवर ही सक्ती नव्हती. तिथे डब्याला ब्रेक म्हणजे लाकडाचं दांडकं, ही स्थिती पुढेही अनेक दशकं राहिली.

प्रश्न : वडील कोळसा खाणीत हॉलेजवर, म्हणजे दोरानं टब ओढण्याच्या कामावर होते. ‘स्टॉप ब्लॉक’, ‘रनअवे स्विच’ आणि ‘ड्रॅग’ हे शब्द घरात कानावर पडायचे. हे सगळं असूनही टब सुटून माणसं कशी मरायची? (एक वाचक, चंद्रपूर)

वर्धा खोऱ्यातल्या भूमिगत खाणींत उतरता रस्ता जमिनीच्या पोटात जातो. त्यालाच तिथली माणसं ‘इन्क्लाइन’ म्हणतात. वर हॉलेज इंजिन, त्याच्या ड्रमवर पोलादी दोर, दोराच्या टोकाला टबांची माळ. भरलेले टब वर ओढायचे, रिकामे खाली सोडायचे. दोर, आकडा किंवा मधली एखादी साखळी तुटली की माळ मोकळी होते.

सहास एक उतार धरा. घर्षण वजा केलं तरी मोकळी माळ १० मीटर जाईपर्यंत ताशी १९-२० किलोमीटरवर पोचते, पावणेचार सेकंदांत. १०० मीटर गेल्यावर ताशी ६२ किलोमीटर, आणि तोवर बारा सेकंदही झालेले नसतात. तुम्ही विचारलेली तिन्ही साधनं या पहिल्या काही सेकंदांसाठी आहेत. वेग आल्यावर त्यांतलं एकही भरवशाचं नाही.

स्टॉप ब्लॉक म्हणजे वरच्या सपाटीवर, उतार सुरू होण्याआधी, रुळांवर आडवं येणारं जाड लाकूड किंवा लोखंडी अडसर. ते एरवी बंदच असायचं. माळ दोराला जोडली, आकडा तपासला, मगच उघडायचं आणि माळ पुढे गेली की लगेच बंद करायचं. बिघडतं ते इथे: एक माणूस आकडा लावतो, दुसऱ्यानं ब्लॉक सांभाळायचा असतो. दुसरा माणूस कमी केला किंवा पाणी प्यायला गेला की पहिला ब्लॉक उघडा ठेवून तारेनं बांधून टाकतो. मग एखादा टब दोर न लावताच सपाटीवरून घरंगळत उताराच्या कडेवर येतो.

रनअवे स्विच हा ब्लॉकच्या खाली बसवलेला सांधा, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे सरकते रूळ. स्प्रिंग किंवा वजनामुळे तो कायम गाडी रुळांवरून बाहेर काढणाऱ्या दिशेला असतो. माळ नीट उतरत असेल तर वरचा माणूस लिव्हर दाबून धरतो आणि ती सरळ जाऊ देतो. ब्लॉक आणि स्विच यांतलं अंतर माळेच्या लांबीपेक्षा जास्त हवं. का? माळ ब्लॉकवर असतानाच तिचं पुढचं टोक स्विचवर पोचलं तर दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवावी लागतात, म्हणजे दोन्हींचा उपयोग संपला. खाण वाढते, उत्पादनाचा लकडा लागतो, आठ टबांची माळ बाराची होते. अंतर मात्र आठ टबांसाठी बेतलेलंच राहतं. हा दोष नकाशावर दिसत नाही, कारण नकाशात दोन्ही साधनं आपापल्या जागी असतात. पाहणी करणाऱ्यानं तिथे जाऊन टब मोजावे लागतात.

ड्रॅग म्हणजे चढणाऱ्या माळेच्या शेवटच्या टबाला मागे लोंबकळत जोडलेला लोखंडी दांडा. माळ वर जाताना तो घासत येतो. साखळी तुटून टब मागे फिरला की दांड्याचं टोक जमिनीत किंवा रुळांखालच्या आडव्या स्लीपरमध्ये रुततं आणि टब उचलून रुळांबाहेर फेकतं. दांडा आखूड असेल किंवा टोक झिजून गोल झालं असेल तर तो रुततच नाही, स्लीपरवरून उड्या मारत जातो. दुसरी अडचण अशी की माळ खाली सोडताना तो काढावा लागतो. प्रत्येक फेरीला काढा, प्रत्येक फेरीला लावा. पाळीच्या शेवटी, थकलेल्या माणसाकडून, सगळ्यात आधी हेच राहून जातं. पुन्हा, ड्रॅग फक्त शेवटच्या टबाला असतो. खाली जाणाऱ्या माळेला त्याचं काहीच संरक्षण नाही.

म्हणूनच चौथी गोष्ट महत्त्वाची: भिंतीत कोरलेल्या आसऱ्याच्या जागा, ज्यांना खाणीत ‘मॅनहोल’ म्हणतात. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत त्यांची मापं दिलेली होती: उंची १.८ मीटर, खोली १.२ मीटर, रुंदी पाऊण ते एक मीटर, आणि दोन जागांत १० मीटरांपेक्षा जास्त अंतर नको. उतार सौम्य असेल तर २० मीटर चालायचं. आत-बाहेर चुना मारून त्या पांढऱ्या ठेवायच्या. १० मीटरांवर जागा असेल तर कुठूनही जास्तीत जास्त ५ मीटर धावावं लागतं. ओबडधोबड जमिनीवर दोन-तीन सेकंद. १०० मीटर वर सुटलेली माळ बारा सेकंदांत येते, म्हणजे आवाज कानावर पडताच हललं तर माणूस वाचतो. पण त्या जागेत स्लीपर, तेलाचे डबे, दोराची वेटोळी ठेवलेली असतील तर? आमच्या मते खाणीतल्या सामानाची सगळ्यात वाईट जागा हीच आहे, आणि ती दर पाळीला हात घालून पाहण्यासारखी आहे.

टबांवर बसून वर येणं हे वेगळं दुखणं. पाळी संपल्यावर किलोमीटरभर चढ चालायचा, दमलेला माणूस रिकाम्या जागी बसतो. सक्त मनाई असूनही हे चालायचं, कारण माणसांना वर आणण्याची निराळी सोय नसायची. छताची तुळई डोक्याला लागणं, दोर वळणावर रोलरमधून उसळून कमरेत बसणं, माळ तुटणं, हे तिन्ही धोके त्या एका बसण्यात आहेत. दोर ताणलेला असताना वळणाच्या आतल्या बाजूला कधीही उभं राहू नये. रोलर निसटला की दोर सरळ रेषेत येतो, आणि ती रेषा आतल्या बाजूनंच जाते.

प्रश्न : जुन्या फोटोंत कामगारांच्या कमरेला किंवा हातात लाकडी दांडकी दिसतात. तोच ब्रेक का? तो कसा चालायचा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

हो, तोच ब्रेक. इंग्रज खाणकामगार त्याला ‘स्प्रॅग’ म्हणायचे आणि तोच शब्द आपल्याकडे आला. साधारण ४५ सेंटिमीटर लांब, मनगटाएवढं जाड, दोन्ही टोकांना निमुळतं केलेलं कठीण लाकूड. चाकाच्या आऱ्यांमधून किंवा चाकातल्या भोकातून ते आत सरकवायचं. चाक फिरलं की दांडकं टबाच्या चौकटीला अडतं आणि चाक जागच्या जागी बसतं. लोखंडी सळई वापरू नये, कारण ओतीव लोखंडाची आरी तिनं तडकते; लाकूड आधी स्वतः चेचतं.

आता गणित, कारण गैरसमज इथेच आहे. चाक अडलं म्हणजे टब थांबला असं नाही. अडलेलं चाक रुळावर घसरतं, आणि त्याची पकड त्यावरच्या वजनापुरतीच असते. कोरड्या रुळावर ती वजनाच्या साधारण पाव हिस्सा धरा, ओल्या आणि कोळशाच्या चिखलानं माखलेल्या रुळावर एक दशांश. आसासकट फिरणारी चाकं असतील तर एका दांडक्यानं एक आस, म्हणजे निम्मं वजन अडतं. कोरड्यात ती पकड आठास एक उतारापर्यंत पुरते, ओल्यात फक्त विसास एकपर्यंत. पण पुष्कळ टबांची चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणजे वळणं सहज घेता येतात. तिथे एक दांडकं एकच चाक अडवतं, पाव वजन. ओल्या रुळावर हे चाळिसास एक उतारापलीकडे पुरत नाही. (चाकांचं घर्षण थोडी मदत करतं, पण त्यावर विसंबू नये.) सकाळी कोरड्यात टिकलेला टब दुपारी पाणी झिरपल्यावर तसाच, दांडक्यासकट, घसरत निघतो, तो यामुळे. उभ्या टबाला दोन्ही आसांच्या चाकांत दांडकी घालायची, शिवाय खालच्या बाजूला पाचर ठोकायची.

खरी हाडं मोडायची ती चालत्या टबात दांडकं घालताना. आरी फिरते, दांडकं घेऊन वर जाते आणि चौकटीवर आपटते. मूठ घट्ट असेल तर मनगटही सोबत जातं. ज्यांना हे करावंच लागायचं ते टबाच्या बाजूनं चालत, दांडकं अगदी टोकाला धरून, तळवा उघडा ठेवून, आरी पुढे सरकताच सोडून द्यायचे. टबाचा वेग चालीपेक्षा जास्त असेल तर हात लावायचाच नाही. टब गेला तर गेला.

काढण्याचीही पद्धत आहे. टब किंचित चढाकडे ढकलायचा, दांडकं सैल होतं, मग बाजूनं ओढायचं. घाईत लोक हातोड्यानं ते बाहेर उडवतात. तेव्हा टब झटक्यात सुटतो आणि हातोडा मारणारा वाकलेला असतो.

प्रश्न : वेल्समध्ये इंजिनाशिवाय गाड्या चालायच्या आणि कामगार फळीवर बसून डोंगर उतरायचे, हे खरं आहे? (एक वाचक, ठाणे)

दोन्ही खरं आहे, पण दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालू नका.

फेस्टिनिऑग रेल्वे १८३६ मध्ये सुरू झाली; ब्लेनाई फेस्टिनिऑगच्या स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) खाणींपासून पोर्थमडॉग बंदरापर्यंत सुमारे २१ किलोमीटर, रुळांची रुंदी ५९७ मिलिमीटर. मार्ग असा आखला की बंदरापर्यंत उतार सलग राहील, सरासरी ब्याण्णवास एक. भरलेल्या वाघिणी (मालाचे डबे) आपोआप खाली यायच्या, रिकाम्या घोडे वर न्यायचे, आणि खाली येताना घोडेही एका वाघिणीत उभे राहून यायचे. १८६३ मध्ये वाफेची इंजिनं आली, तरी भरलेल्या गाड्या १९३९ पर्यंत गुरुत्वाकर्षणावरच उतरत राहिल्या.

हे इतकी वर्षं चाललं याचं कारण तो ब्याण्णवास एक हा आकडा. तिथे टनामागे ओढ ११ किलोंची. वाघिणीचा रोध ७ किलो धरला तर उरतात ४ किलो. अडीच-पावणेतीन टनांच्या ८० भरलेल्या वाघिणींना आवरायला एकूण साडेआठशे किलोंच्या आसपास ब्रेकचा जोर पुरतो. सगळ्या वाघिणींना ब्रेक नसत. ब्रेकवाल्या वाघिणी मधूनमधून जोडत आणि मोजकेच ब्रेकमन चालत्या गाडीवर एकीवरून दुसरीवर जात हातानं ब्रेक आवळत. ओल्या स्लेटवर पाय ठेवून हे करायचं, बोगद्यातसुद्धा. शिवाय पुढून ब्रेक आवळला तर मागच्या वाघिणी येऊन आदळतात आणि मधली हलकी वाघीण उडते. मागून आवळला तर साखळ्या ताणून राहतात, पण कच्ची कडी असेल तर तिथेच तुटते. म्हणून ब्रेक थोडा थोडा, सगळीकडे सारखा आवळावा लागे. चाक पूर्ण जाम झालं तर ते घासून एका बाजूला चपटं होतं आणि पकडही कमी होते. वंगण चांगलं असलं तर रोध ५ किलोंवर येतो आणि तीच गाडी दीडपट जोरानं पळते.

आपल्याकडे नेरळ–माथेरान मार्गावर उतार विसास एक आहे. तिथे टनामागे ओढ ५० किलोंची. म्हणूनच त्या गाडीत डब्याडब्यावर ब्रेकमन असत आणि इंजिनाच्या शिट्टीवर ते हातब्रेक आवळत किंवा सैल करत. प्रवासी गाडी असल्यामुळे तेवढी माणसं दिली गेली. खाणीच्या मालगाडीला ती कोण देणार?

फळीची गोष्ट क्रेग डू या खाणीची, त्याच परिसरातली. वेल्श भाषेत तिला ‘कार ग्विल्ट’ म्हणत, म्हणजे रानटी गाडी. दोन फुटांच्या आसपास लांबीची फळी, खाली दोन्ही कडांना काठ असलेलं एक चाक, जे एका रुळावर बसतं, बाजूला गेलेला लोखंडी दांडा, त्याच्या टोकाचा छोटा रोलर शेजारच्या मार्गाच्या रुळावर टेकलेला, आणि हातब्रेक. दोरावर वाघिणी चालणाऱ्या उतारांवरून, काम संपल्यावर, कामगार रांगेनं यावर बसून घरी जायचे. रोलर दोन रुळांच्या जोडावर अडकला, दोन मार्गांमधलं अंतर थोडं कमी-जास्त झालं किंवा पुढचा माणूस पडला, तर मागच्याला थांबायला जागा नाही. त्यात माणसं मेलीही. डोंगर उतरून घरी जायला तासभर लागत असेल तर माणूस असा मार्ग काढतो. आम्हाला यात मस्तीपेक्षा थकवा जास्त दिसतो.

प्रश्न : ‘फ्लाय शंटिंग’ म्हणजे काय? (एक वाचक, कल्याण)

इंजिन वाघिणीला ओढत सांध्याकडे नेतं. चालता चालता दोघांना जोडणारी पिन उपटतात, इंजिन वेग घेऊन पुढे निघून जातं, सांधेवाला मधल्या दोन-चार सेकंदांत सांधा बदलतो आणि वाघीण एकटीच बाजूच्या मार्गावर जाते. इंजिनाला वळसा घालायचा मार्ग नसला की ही युक्ती करतात. पिन उपटणारा माणूस इंजिन आणि वाघीण यांच्यामध्ये बसलेला असतो, यातच सगळं आलं. पिन अडली, इंजिन दबकलं किंवा सांधा अर्धवट फिरला, तर वाघिणीची पुढची चाकं एका मार्गावर आणि मागची दुसऱ्यावर. वळशासाठी एक जादा सांधा आणि तीस-चाळीस मीटर रूळ टाकणं हा खरा उपाय.

प्रश्न : उसाच्या गाड्यांचे अपघात खाणीसारखे नसावेत. तिथे काय व्हायचं? (शेतकरी वाचक, मालेगाव तालुका)

तिथे उतार थोडे, पण रूळ कच्चे. शेतातला मार्ग तात्पुरता असतो: लोखंडी स्लीपरला जोडलेले पाच-पाच मीटरचे तयार तुकडे, तोड संपली की उचलून दुसऱ्या वावरात. काळ्या मातीत पाणी मुरलं की एक रूळ दबतो. दोन रुळांत ६१० मिलिमीटर अंतर असताना एक रूळ ५ सेंटिमीटर खाली गेला तर वाघीण जवळपास पाच अंशांनी कलते. वर दीड-दोन मीटर उंच ऊस रचलेला, त्यावर माणूस बसलेला. मोळ्या सरकतात, आणि माणूस नेमका कललेल्या बाजूला पडतो. भरलेल्या उसावर बसू न देणं आणि रुंद माथा न रचणं, एवढ्यानं पुष्कळ अपघात टळतात.

घसरलेली वाघीण रुळावर चढवताना तर फार जपावं. आधी दोन्ही बाजूंच्या वाघिणी सोडवून त्यांना पाचर ठोका. जॅक मातीवर नको, खाली स्लीपरचा तुकडा घाला. वाघीण उचलली की लगेच खाली लाकूड सरकवत जा. जॅकवर टेकलेल्या वाघिणीखाली हात घालायचा नाही. पहार वापरताना ती दोन पायांच्या मध्ये किंवा छातीसमोर धरू नका, कारण वाघीण घसरली की पहार उलटी उसळते.

इंजिनाच्या ठिणग्यांनी पाचट पेटतं, हे तुम्हाला सांगायला नको. जावामधल्या साखर कारखान्यांची इंजिनं तर उसाचं चिपाडच जाळायची आणि धुराड्यातून जळके तुकडे उडायचे. धुराड्यावर जाळी हवी. पण जाळी बुजली की वाफ कमी पडते, म्हणून ड्रायव्हर तिला भोक पाडतो. जाळी दररोज साफ केली तर त्याला भोक पाडावंसं वाटत नाही.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या एका छोट्या रुळांच्या संग्रहालयात शनिवारी स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. जुनं सिम्प्लेक्स इंजिन आणि टिपण्याच्या वाघिणी आहेत. कशाला जपू? (एक वाचक)

मोटर रेल कंपनीची सिम्प्लेक्स इंजिनं पहिल्या महायुद्धात खंदकांमागच्या ६०० मिलिमीटर रुळांसाठी बनली; २० आणि ४० अश्वशक्तीची. ड्रायव्हर आडवा बसतो म्हणजे दोन्ही दिशांना पाहू शकेल. त्यामुळे त्याचे गुडघे आणि कोपर इंजिनाबाहेर यायला वेळ लागत नाही. दारांच्या चौकटी आणि झाडांच्या फांद्या आधी पाहून ठेवा.

इंजिन सुरू करायला हँडल मारताना: गिअर न्यूट्रलला, हातब्रेक आवळलेला, चाकांना दोन्हीकडून पाचर. पेट्रोलचं इंजिन असेल तर ठिणगी उशिरावर ठेवलेली आहे ना, हे आधी पाहा. ती लवकर पडली तर हँडल उलटं फिरतं. अंगठा हँडलभोवती वळवू नका, इतर बोटांच्याच बाजूला ठेवा. खालून वर ओढा. वरून खाली दाबायचं नाही. डिझेल असेल तर डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारी) उघडून इंजिनाला गती द्या आणि मग लिव्हर पाडा. इंजिन लागल्यावर हँडल आपोआप सुटायला हवं. ते अडकून फिरत राहिलं तर पकडायला जाऊ नका. मागे सरका आणि इंजिन बंद करा.

टिपण्याची वाघीण म्हणजे कलंडवून रिकामी करायची ‘व्ही’ आकाराची पेटी, चौकटीवरच्या पाळण्यात बसवलेली. एक घनयार्डाच्या पेटीत ओली माती सव्वा ते दीड टन बसते. पेटी कलंडवली आणि माती आत चिकटून राहिली, तर सगळं वजन एका रुळाच्या बाहेर जातं आणि पेटीसकट वाघीण उलटते. म्हणून टिपण्याआधी पलीकडची चौकट साखळीनं रुळाला बांधतात. उभं राहायचं ते कलंडण्याच्या उलट बाजूला, आणि तेही टोकाशी. रिकामी पेटी झटक्यात परत येते. चिकटलेली माती लांब दांड्याच्या फावड्यानं काढा, पेटीखाली जाऊन नाही. आणि भरताना कडी लागली आहे का, हे दर वेळी हातानं हलवून पाहा.

प्रश्न : आमच्या शाळेला खाणीतला एक जुना टब भेट मिळाला आहे. अंगणात ठेवायचा आहे. मुलं चढणारच. काय काळजी घ्यावी? (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

सिमेंटचा सपाट कट्टा करा आणि त्यावर दोन रूळ पक्के बसवा. स्पिरिट लेव्हल लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांना लावून पाहा. टब ठेवल्यावर दोन्ही आसांवरून यू-बोल्ट घेऊन ते रुळांना आवळा आणि नटवर दुसरा नट चढवा. चाकं वेल्डिंगनं चिकटवू नका. ती ओतीव लोखंडाची असतील तर तडकतात. चारही चाकांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाचरी बोल्टनं बसवा. पाचरींची उंची एवढी ठेवा की चाक आणि रूळ यांच्या फटीत मुलाचं बोट शिरणार नाही. साखळी आणि आकडे काढून आत भिंतीवर टांगा. लोंबते ठेवले तर मुलं त्यांना झोके घेतील. काठ गंजून धारदार झालेले असतात, ते घासून वर फाडलेला रबरी पाइप चढवा. रेड ऑक्साइडचा हात, मग रंग.

तळाला वीस मिलिमीटरची चार भोकं पाडा, एकेक कोपऱ्यात. पावसाळ्यात टब म्हणजे डासांची टाकीच होते. दर महिन्याला यू-बोल्टचे नट पान्यानं आवळून पाहा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात भोकं तारेनं मोकळी करा.